सातपुड्याचे नकाशे : डोंगरी वनप्रदेशाचे सर्वेक्षण आणि नकाशावाचन

भोपाळ येथे अरेरा टेकडीवर राज्य शासनाची कार्यालये उभारली गेली, तेव्हा त्यांतील दोन इमारतींना सातपुडा भवन आणि विंध्याचल भवन अशी नावे देण्यात आली. या दोन पर्वतांच्या मधून नर्मदा वाहते. तिच्या दक्षिणेचा सातपुडा ओलांडला की वऱ्हाड लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाले आणि विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्यापूर्वी हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होता. राज्याची सीमा पर्वतावरून गेली, पर्वत मात्र जेथल्या तेथे राहिला. बैतूल, छिंदवाडा व पांढुर्णा या भागांत आजही घरोघरी मराठी बोलली जाते आणि मेळघाटातील कोरकू बांधवांचे सोयरे बैतूलच्या डोंगरांत आहेत. सातपुड्याच्या नकाशाविषयी लिहावयाचे, तर दोन्ही अंगांच्या वाचकांना समोर ठेवूनच लिहिले पाहिजे.

नकाशा हा शब्द आपण अनेक अर्थांनी वापरतो. शाळेच्या भिंतीवर असतो तो नकाशा, पटवारी अथवा तलाठ्याच्या दप्तरात असतो तोही नकाशा, आणि वनरक्षकाच्या हाती घडी घालून दिलेला असतो तोही नकाशाच. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे स्थलनिर्देशक नकाशा. डोंगर, दरी, नाला, वाट, वस्ती आणि जंगल यांचे खरेखुरे रूप ठरावीक प्रमाणात दाखविणारे हे पत्रक भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. हे पत्रक काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे नीट न समजल्यामुळे वनप्रदेशात पुष्कळ वाद माजतात. कोणाची शेती जंगलात दाखविली जाते, कोणाचे जंगल शेतीत जाते. म्हणून ही माहिती सर्वेक्षकांपुरती राहू नये.

आरंभ कोठून झाला?

भोपाळपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर, विदिशा जिल्ह्यातील सिरोंजजवळ कल्याणपूर नावाची एक साधीशी टेकडी आहे. यात्रेकरू तेथे जात नाहीत आणि सहलीही निघत नाहीत. तथापि गेल्या शतकात भारतात छापलेले बहुतेक सारे स्थलनिर्देशक नकाशे या टेकडीशी बांधलेले आहेत. २४ अंश ७ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७७ अंश ३९ मिनिटे पूर्व रेखांश असे तिचे स्थान ठरविण्यात आले आणि देशातील इतर ठिकाणांची स्थाने तिच्यापासून गणिताने काढण्यात आली. गावात पाण्याच्या नळांचे अनेक फाटे असले, तरी मूळ टाकी एकच असते, तसाच हा प्रकार होय.

या कामाचा प्रारंभ कर्नल विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ केला. जमिनीवर काही मैल लांबीची एक रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची, तिला आधाररेषा म्हणावयाचे, आणि तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीकडे कोन घेऊन त्रिकोण पुरा करावयाचा. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक झाले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. आठवी-नववीच्या भूमितीतील हीच रीत दख्खनच्या पठारावरून टेकडीमागून टेकडी धरीत उत्तरेकडे सरकत गेली. हे काम चालू असतानाच लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. वर्धा जिल्ह्यातील शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना सांगावे, अशी ही गोष्ट आहे.

पुढचे काम त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे आले. वऱ्हाडातील टाकळखेडा येथील आधाररेषेपासून सिरोंजपर्यंतच्या त्रिकोणांच्या साखळीला मध्ये सातपुडा ओलांडावयाचा होता. पठारावर एका टेकडीवरून दुसरी दिसते. सातपुड्यात मात्र धारेमागे धार, आणि प्रत्येक धारेवर झाडी. झाडे तोडून दृष्टीरेषा मोकळी केल्याशिवाय कोन घेता येत नसे. तापाचे थैमान असे. खुद्द एव्हरेस्ट त्या काळात इतका आजारी होता की निरीक्षणाच्या वेळी माणसांनी त्याला उचलून यंत्राशी बसवावे व पुन्हा उचलून बाजूला घ्यावे लागे. यंत्र वाहून नेणारे, झाडे तोडणारे आणि रात्री टेकडीवर दिवा धरून बसणारे जे देशी लोक होते, त्यांच्या आजाराची नोंद मात्र फारशी कोणी ठेवली नाही.

सिरोंजची आधाररेषा १८२४-२५ मध्ये साखळीने मोजली गेली. उन्हाने साखळी वाढते, थंडीने आखडते. म्हणून १८३७-३८ मध्ये एव्हरेस्टने तीच रेषा लोखंड व पितळ यांच्या जोडपट्ट्यांनी पुन्हा मोजविली. दोन धातू उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात. या फरकाचाच उपयोग करून पट्टीवरील दोन खुणांमधील अंतर कायम राहील, अशी योजना तिच्यात होती. एकदा मोजलेले पुन्हा मोजण्यात वर्षे घालविणारी माणसे आज दुर्मीळ आहेत. मोजणीतील लहानशी चूक शंभर त्रिकोणांनंतर केवढी होते, हे त्यांना ठाऊक होते. हिमालयातील सर्वोच्च शिखराला पुढे १८६५ मध्ये ज्याचे नाव देण्यात आले, तोच हा एव्हरेस्ट. त्या शिखराच्या उंचीचे गणितही याच त्रिकोणांच्या जाळ्यावर उभे आहे.

पत्रकाचा क्रमांक

स्थलनिर्देशक पत्रके मागवावयाची झाल्यास गावाचे नाव सांगून भागत नाही, पत्रकाचा क्रमांक द्यावा लागतो. परंपरागत पद्धतीत देशाचे चार अंश लांब व चार अंश रुंद असे भाग पाडून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. २० ते २४ अंश उत्तर अक्षांश आणि ७६ ते ८० अंश पूर्व रेखांश यांमधील भागाचा क्रमांक ५५. भोपाळ, नर्मदापुरम (२०२२ पूर्वीचे होशंगाबाद), बैतूल, पचमढी, मेळघाट, अमरावती आणि नागपूर ही सारी ठिकाणे या एकाच क्रमांकात येतात. जुन्या राज्याच्या वाटण्या झाल्या, परंतु पत्रकाने सारी भावंडे एकत्र ठेवली आहेत.

या भागाचे एकेका अंशाचे सोळा तुकडे करून त्यांना इंग्रजी वर्णमालेतील ‘ए’ ते ‘पी’ ही अक्षरे दिली जातात. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा सोळा भाग होतात आणि त्यांना १ ते १६ अंक मिळतात. क्रम वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन वरून खाली उतरतो आणि मग शेजारच्या स्तंभात जातो. पचमढीचे पत्रक ५५ जे/७ आणि चिखलदऱ्याचे ५५ जी/७. भोपाळ शहर ५५ ई/७ व ५५ ई/८ या दोन पत्रकांच्या शिवेवर बसले आहे, त्यामुळे संपूर्ण शहर पाहावयाचे तर दोन कागद जोडावे लागतात. अशा एका पत्रकाचे प्रमाण १:५०,००० असते. नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. सातपुड्याच्या अक्षांशावर एका पत्रकात सुमारे सातशे चौरस किलोमीटर मुलूख मावतो. त्यापूर्वीची पत्रके एक इंचास एक मैल या प्रमाणाची असत. जुन्या कार्यालयांच्या कपाटांत ती अजूनही आढळतात आणि, असे नमूद करणे भाग आहे की, कागद व छपाई या दृष्टीने ती नव्यांपेक्षा सरस आहेत.

राष्ट्रीय नकाशा धोरण २००५ मध्ये जाहीर झाल्यानंतर नागरी वापरासाठी मुक्त मालिकेची निराळी पत्रके निघाली. त्यांचे क्रमांक वेगळ्या, आंतरराष्ट्रीय पद्धतीचे आहेत. कामाची अडचण तेथूनच सुरू होते. तिच्याकडे पुढे येऊ.

तपकिरी रेषांची भाषा

पत्रक उघडताच डोंगराळ भागात तपकिरी रेषांचे जाळे दिसते. या समोच्चरेषा होत. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी ही रेषा जमिनीवर कोठेही आखलेली नसते. पावसाळ्यात तलाव भरत जातो आणि पाण्याची कड काठावर दरवेळी जी ओली रेघ सोडते, ती डोळ्यांसमोर आणली म्हणजे समोच्चरेषा समजते. पाणी वीस मीटर चढले की दुसरी रेघ, आणखी वीस मीटर चढले की तिसरी. १:५०,००० प्रमाणाच्या डोंगरी पत्रकांवर दोन रेषांमधील उंचीचे अंतर साधारणतः वीस मीटर असते आणि दर पाचवी रेषा जाड काढलेली असते.

रेषा दाट असतील तेथे चढ उभा, विरळ असतील तेथे जमीन सौम्य. दोन रेषा नकाशावर एक मिलिमीटर अंतरावर असतील, तर जमिनीवर पन्नास मीटर पुढे जाताना वीस मीटर चढावे लागते. बैलगाडीचा रस्ता तेथून जाणार नाही, हे कार्यालयात बसूनही सांगता येते. रेषांचे टोक चढाच्या दिशेने वळलेले असेल तर ते नाल्याचे खोरे आणि उताराच्या दिशेने वळलेले असेल तर ती डोंगराची सोंड. हा एक नियम विद्यार्थ्यांकडून पक्का करून घेतला, तर निम्मे नकाशावाचन आले असे समजावे.

सातपुड्यातील, किंबहुना मध्य प्रदेशातील, सर्वोच्च शिखर धूपगड. त्याची उंची सुमारे १३५० मीटर आणि पचमढीचे पठार सुमारे १०६७ मीटर. म्हणजे पठारावरून शिखरावर जाताना साधारण चौदा समोच्चरेषा ओलांडाव्या लागतात. विदर्भातून महादेवाच्या यात्रेला जाणाऱ्या लक्षावधी भाविकांनी हे चढउतार पायांनी मोजलेले आहेत. खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणाऱ्या माणसाला नकाशा दाखविला आणि ‘येथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत’ असे सांगितले, की तो लगेच म्हणतो, ‘हा तर पायऱ्यांचा चढ.’ नागपंचमीच्या सुमारास जी नागद्वारची यात्रा भरते, तिची वाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून जाते आणि वर्षातून त्या काही दिवसांपुरतीच भाविकांना खुली असते. ते दिवस ऐन पावसाचे. कोणता नाला किती उंचावरून व किती क्षेत्राचे पाणी घेऊन वाटेवर उतरतो, कोठे माणसे थांबवावी आणि मदतीचे ठाणे कोणत्या सोंडेवर ठेवावे, हे ठरविताना समोच्चरेषांचे पत्रक समोर नसेल तर केवळ अनुभवावर विसंबावे लागते. अनुभवी माणूस बदलून गेला की अनुभवही त्याच्याबरोबर जातो.

इतर खुणा थोडक्यात. परंपरागत पत्रकांवर हिरवा रंग झाडीचा, पिवळा लागवडीचा, तांबडा रस्त्यांचा व वस्तीचा. नाल्यांच्या बाबतीत एक बारकावा ध्यानात ठेवावा. पाणी असलेला प्रवाह निळा असतो आणि कोरडे पात्र काळ्या रेषेने दाखवितात. मे महिन्यात वन्यप्राण्यांसाठी पाणवठे कोठे लागतील, याचा पहिला अंदाज या दोन रंगांवरून करता येतो. विहीर, कडा अथवा बांध यांच्याजवळ अंकापुढे ‘आर’ हे अक्षर असेल, तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नसून त्या जागेपुरती खोली अथवा उंची असते. ‘६ आर’ पाहून सहा मीटर उंचीचे गाव समजणारे विद्यार्थी भेटतात, आणि क्वचित अधिकारीही.

झाडांखालची जमीन

मैदानी मुलखात सर्वेक्षक आपला फलक तीन पायांवर मांडून चोहोकडे पाहू शकतो. जंगलात त्याला दहा पावलांवरचे दिसत नाही. म्हणून पूर्वी वनप्रदेशात धारेधारेने आणि नाल्यानाल्याने साखळी ओढीत, वळणावळणाला कोन घेत मोजणी करावी लागे. दिवाळीनंतर तळ पडत, पावसाळ्यापूर्वी उठत, आणि पावसाळ्यात कार्यालयात बसून नकाशे रेखाटले जात. पुढे विमानातून छायाचित्रे घेण्याची रीत आली. एकाच जमिनीची दोन जागांवरून घेतलेली छायाचित्रे विशिष्ट यंत्राखाली जोडून पाहिली, म्हणजे डोंगर उठावदार दिसू लागतो आणि समोच्चरेषा थेट त्यावरून काढता येते.

तथापि छायाचित्रात दिसतो तो झाडाचा माथा. त्याची पायथ्याची जमीन दिसतेच असे नाही. येथे सातपुड्याचे एक वैशिष्ट्य उपयोगी पडते. साग उन्हाळ्यात पाने गाळतो. त्यामुळे सागाच्या जंगलात कोरड्या ऋतूतील छायाचित्रावर जमीन बऱ्याच अंशी उघडी होते. परंतु पचमढीच्या परिसरात वालुकाश्मावर सालाची झाडी आहे आणि साल असा उघडा पडत नाही. साग व साल ज्या मुलखात शेजारी शेजारी नांदतात, त्याच मुलखात नकाशाची विश्वसनीयताही झाडाझाडाप्रमाणे बदलते. छायाचित्रावरून रेषा काढणाऱ्याला झाडीची उंची अंदाजाने वजा करावी लागे. खोल खोरी सावलीत बुडालेली असत. तेव्हा गर्द झाडीतील एखादी घळ पत्रकावर दिसली नाही, तर सर्वेक्षकाने काम चुकविले असा तर्क करू नये.

अंतराळातून होणाऱ्या मोजणीलाही हे बंधन सुटलेले नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची अवघ्या अकरा दिवसांत टिपण्यात आली. २००५ मध्ये सोडलेला आपला कार्टोसॅट-१ हा उपग्रह तर पुढेमागे कललेल्या दोन कॅमेऱ्यांनी जोडचित्रे घेणारा होता. दोहोंतही घनदाट जंगलात मिळणारी उंची ही जमीन व शेंडे यांच्या मधली कोठलीतरी असते. पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचणारे साधन म्हणजे लायडार. विमानातून प्रकाशाचे असंख्य सूक्ष्म ठोके सोडले जातात. त्यांतील पुष्कळ पानांवरून परततात, परंतु काही थेट जमिनीला लागून येतात. सर्वांत उशिरा परतणारे ठोके निवडले, की झाडी बाजूला सारल्यासारखी जमीन दिसू लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये मध्य प्रदेश, महाराष्ट्र व गोवा यांसह दहा राज्यांतील निवडक वनक्षेत्रांचे लायडार सर्वेक्षणावर आधारलेले प्रकल्प अहवाल प्रसिद्ध केले. जंगलातच पाणी व चारा उपलब्ध व्हावा आणि प्राण्यांना गावाकडे यावे लागू नये, असा त्यांचा उद्देश होता. बंधारा कोठे घालावा हे ठरवावयाचे, तर झाडाच्या शेंड्याची उंची काय कामाची?

अर्ध्या मिलिमीटरची रेघ

आता मुख्य अडचणीकडे वळू. डोंगरी वनप्रदेशातील एकाच जागेचे निदान तीन नकाशे असतात. पहिला स्थलनिर्देशक, प्रमाण १:५०,०००. दुसरा वन विभागाचा, जुन्या हिशेबाने चार इंचास एक मैल. तिसरा महसूल खात्याचा गावनकाशा, मध्य प्रदेशात बहुधा सोळा इंचास एक मैल. पहिला जमिनीचे रूप दाखविण्यासाठी, दुसरा जंगलाच्या व्यवस्थेसाठी, तिसरा शेताच्या मालकीसाठी. तिन्ही वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या हेतूने केले. ते एकमेकांवर ठेवले तर नेमके जुळतील, अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे.

पेन्सिलीची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. गावनकाशावर ती जमिनीची सुमारे दोन मीटर रुंदी झाकते, वन नकाशावर आठ मीटर, आणि स्थलनिर्देशक पत्रकावर पंचवीस मीटर. या शेवटच्या पत्रकावर एक किलोमीटर लांबीची वनसीमा आखली, तर नुसत्या रेघेखाली अडीच हेक्टर, म्हणजे सुमारे सहा एकर जमीन जाते. डोंगरातील एखाद्या कुटुंबाची सारी शेती त्या रेघेखाली लपू शकते. ती रेघेच्या कोणत्या बाजूस आहे, हे त्या पत्रकावरून ठरविणे कोणालाही शक्य नाही. मात्र असे निर्णय होतात, आणि मोठे करून छापलेल्या पत्रकावर होतात. नकाशा मोठा करून छापल्याने रेघ मोठी होते, माहिती वाढत नाही.

दुसरा फरक उपग्रहांच्या साधनांमुळे पुढे आला. कल्याणपूरला बांधलेल्या जुन्या पत्रकांसाठी पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला होता, तो एव्हरेस्टने १८३० मध्ये काढलेला. भ्रमणध्वनी अथवा हातातील जीपीएस यंत्र निराळा, जागतिक आकार धरून चालते. त्यामुळे एकाच ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगळे येतात. भोपाळ-पचमढीच्या परिसरात हा फरक जमिनीवर साधारणपणे शे-दीडशे मीटर भरतो. म्हणजे यंत्रावर आलेले आकडे जुन्या पत्रकावर जसेच्या तसे मांडले, तर खूण जवळजवळ तीन मिलिमीटर सरकते. सीमेवरचा माणूस जंगलात जातो किंवा जंगलातला बाहेर येतो. मुक्त मालिकेची नवी पत्रके जागतिक पद्धतीची असल्याने त्यांवर ही अडचण येत नाही. परंतु कोणता कागद टेबलावर आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. पत्रकाच्या समासात ते छापलेले असते, आणि समास वाचण्याची सवय आपल्याकडे कमी.

सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणखी एक गुंता आहे. जागतिक पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असून त्यांतील ४३ व ४४ क्रमांकांच्या पट्ट्यांची शीव ७८ अंश रेखांशावर, तवा धरणाच्या अगदी जवळून जाते. मीटरमध्ये स्थान सांगताना शिवेच्या पश्चिमेस पूर्वांतर आठ लाखांच्या घरात येते आणि पलीकडे दोन पावलांवर ते एकदम दोन लाखांच्या आत येते. पट्ट्याचा क्रमांक न लिहिता नोंदविलेले ठिकाण नंतर शोधू गेल्यास सहाशे किलोमीटर दूर सापडावयाचे. क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी नोंदवहीत पट्ट्याचा क्रमांक लिहावा, अथवा सरळ अक्षांश-रेखांशच लिहावेत.

बुरूज, नाला आणि ग्रामसभा

ज्यांनी जुनी वनकक्षे आखली, त्यांना रेघेच्या या मर्यादा समजत होत्या असे दिसते. डोंगराळ जंगलात कक्षाची हद्द शक्यतो धारेवरून अथवा नाल्यातून नेलेली असते, कारण धार हलत नाही आणि ती ओळखायला यंत्र लागत नाही. जेथे अशी नैसर्गिक खूण नाही, तेथे दगडांचे बुरूज रचले. मध्य प्रदेशात त्यांना मुनारे म्हणतात. बोरीच्या राखीव जंगलाची व्यवस्था १८६५ पासूनची, कॅप्टन फॉरसाइथने पचमढीत बायसन लॉज बांधले ते १८६२ मध्ये. म्हणजे या मुलखातील काही हद्दी दीडशे वर्षांहून जुन्या आहेत. एवढ्या काळात बुरूज ढासळतात, वेलींखाली जातात, आणि काही ठिकाणी त्यांचे दगड शेताच्या बांधाला लागतात. बुरूज नाहीसा झाला की उरतो कागद, आणि कागदाची मर्यादा आपण पाहिलीच.

वनहक्क मान्यता अधिनियम २००६ मध्ये झाल्यापासून हा प्रश्न प्रत्येक डोंगरी गावाच्या दारात आला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या वनजमिनीवर, कमाल चार हेक्टरांपर्यंत, वैयक्तिक हक्क मान्य होऊ शकतो. दाव्याची जागा ग्रामसभेच्या वनहक्क समितीने प्रत्यक्ष पाहावयाची असते आणि वन व महसूल विभागांच्या कर्मचाऱ्यांनी त्या वेळी हजर राहावयाचे असते. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत उपग्रहचित्रांविषयी स्पष्ट म्हटले आहे, की ती इतर पुराव्यास पूरक ठरू शकतात, परंतु त्याची जागा घेऊ शकत नाहीत. आतापर्यंतचे विवेचन वाचल्यावर या तरतुदीचे कारण वेगळे सांगावयास नको. झाडाखाली केलेली कोदो-कुटकीची लहानशी शेती वरून घेतलेल्या चित्रात झाडी म्हणूनच दिसू शकते. उलटपक्षी, कालपरवा साफ केलेला तुकडाही जुनी शेती म्हणून दाखविता येऊ नये, यासाठी जुनी चित्रे व जुनी पत्रके उपयोगी पडतात. नकाशा दोन्ही बाजूंनी बोलतो.

शिवारफेरीला निघताना समितीने गावनकाशाची प्रत, वन विभागाच्या कक्षाचा नकाशा आणि स्थलनिर्देशक पत्रक असे तिन्ही बरोबर घ्यावेत. प्रथम तिन्हींवर सापडणारी पक्की ठिकाणे शोधावीत. दोन नाल्यांचा संगम, डोंगराची गाठ, जुने देऊळ, विहीर अशी तीन-चार ठिकाणे जुळली की मग मधल्या जागा ताडून पाहाव्यात. झाड खूण म्हणून धरू नये. यंत्राने घेतलेल्या प्रत्येक नोंदीपुढे कोणत्या पद्धतीचे आकडे आहेत ते लिहावे. आणि ज्या म्हाताऱ्या माणसाने लहानपणी बुरुजावर बसून गुरे राखली, त्याला बरोबर न्यावे. त्याने दाखविलेली जागा जशीच्या तशी मान्य करावी असे नाही. तो दाखवितो तेथे खणून पाहावे. पुष्कळदा दगडांचा पाया हाती लागतो.

पत्रकांवरील नावांविषयीही येथेच सांगितले पाहिजे. वाडी-ढान्यांची व नाल्यांची नावे सर्वेक्षकाने जशी ऐकली, तशी रोमन लिपीत उतरविली. कोरकू अथवा गोंडी नाव हिंदी भाषिकाने ऐकावे, इंग्रजीत लिहावे आणि आपण ते मराठीत वाचावे, एवढा प्रवास झाल्यावर मूळ नाव ओळखू न आल्यास नवल नाही. एकाच नाल्याला वरच्या गावात एक व खालच्या गावात दुसरे नाव असते, आणि पत्रकावर त्यांपैकी एकच आलेले असते. दाव्याच्या कागदपत्रांत एक नाव आणि नकाशावर दुसरे असल्यामुळे हरकत निघू शकते. डोंगरी गावांतील शाळांनी येथे फार मोठे काम करण्यासारखे आहे. आपल्या गावाच्या पत्रकाची प्रत घेऊन विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांकडून प्रत्येक टेकडीचे, नाल्याचे व पाणवठ्याचे बोलण्यातील नाव विचारावे आणि देवनागरीत लिहून काढावे. मुक्त मालिकेची पत्रके भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून मिळविता येतात.

पत्रक घेतल्यावर सर्वप्रथम त्यावरील सर्वेक्षणाचे वर्ष पाहावे. तवा धरणाचा जलाशय १९७० च्या दशकात भरला. त्यापूर्वीच्या सर्वेक्षणावरील पत्रकांवर त्या जागी अजूनही शेते आहेत, वाटा आहेत, आणि आता पाण्याखाली असलेल्या गावांची नावे आहेत.